हन्नाचा प्रश्न : परदेशी शिकायला निघालेल्या मुलांसाठी व त्यांच्या घरच्यांसाठी

वाचन : तोबीत, अध्याय ४, ५, १० आणि ११



पावसाळा सरत आला की आपल्यापैकी एखाद्या घरात बैठकीच्या खोलीत उघडी बॅग दिसू लागते. शेजाऱ्यांकडून वजनकाटा मागून आणलेला असतो. २३ किलोच्या हिशेबात भाजणी आणि मसाला बसवायचा की आणखी एक स्वेटर, यावरून आई आणि लेकरू रोज वाद घालतात. व्हिसाची फाईल कपाटावर असते आणि बँकेच्या कर्जाचा कागद वडिलांच्या खिशात. मुलगा किंवा मुलगी एका सेमिस्टरसाठी परदेशी निघालेली असते. कोणी जर्मनीला, कोणी फ्रान्सला, कोणी अमेरिकेला. पाच-सहा महिन्यांचाच प्रश्न आहे असे सगळे एकमेकांना सांगतात, पण रात्री झोप कोणालाच लागत नाही.

अशा घरांसाठी पवित्र शास्त्रात एक संपूर्ण ग्रंथ आहे, आणि आपण तो फारसा उघडत नाही. तो म्हणजे जुन्या करारातील तोबीतचा ग्रंथ. आपल्या प्रॉटेस्टंट बांधवांच्या बायबलमध्ये तो नसतो. पुण्यात पुष्कळ घरांत तीच प्रत असते, म्हणून आज वाचनासाठी कॅथोलिक बायबल हाती घ्यावे. अवघे चौदा अध्याय आहेत. एका संध्याकाळी वाचून होतात.

तोबीतच्या घरात काय घडले?

तोबीत हा नफ्तालीच्या वंशातला धार्मिक माणूस. अश्शूरी लोकांनी त्याला बंदिवान करून निनवे शहरात नेले. परक्या देशात राहूनही त्याने देवाचे नियम सोडले नाहीत. भुकेल्याला अन्न दिले, उघड्याला वस्त्र दिले, रस्त्यावर टाकलेल्या आपल्या बांधवांची प्रेते पुरली. पुढे त्याची दृष्टी गेली. घर गरिबीला आले. पत्नी हन्ना कापड विणून संसार चालवू लागली. तेव्हा त्याला आठवले की फार वर्षांपूर्वी मेदिया देशातील रागेस गावी गबाएल नावाच्या माणसाकडे आपण दहा तालांत चांदी ठेवली आहे. ती आणण्यासाठी त्याने एकुलता एक मुलगा तोबियास याला दूरदेशी पाठवायचे ठरवले.

चौथ्या अध्यायात बाप मुलाला उपदेश करतो. पाचव्यात वाटेचा सोबती शोधला जातो आणि मुलगा निघतो. तो निघताच हन्ना रडू लागते आणि नवऱ्याला विचारते, आपल्या लेकराला का पाठवलेस? म्हातारपणी आपल्या हातातली काठी तोच नाही का? पैशात पैसा मिळवायची एवढी काय घाई होती? देवाने दिले तेवढ्यात आपले भागत होते.

ग्रंथकाराने हा प्रश्न लपवलेला नाही आणि हन्नाला अविश्वासू ठरवलेले नाही. म्हणून आजच्या अभ्यासाची सुरुवात आपण तिच्या प्रश्नापासून करू या.

पहिला धडा : का जायचे आहे?

हा प्रश्न आपल्या घरांत बहुधा विचारलाच जात नाही. कॉलेजचा परदेशी विद्यापीठाशी करार आहे, यादीत नाव लागले, वर्गातली इतर मुले चालली आहेत, एवढे कारण पुरते. मग लाखांत खर्च होतो, कर्ज निघते, आणि मुलाच्या खांद्यावर न सांगितलेले ओझे बसते : एवढे पैसे लावले आहेत, आता नापास होऊन चालणार नाही.

तोबीतने निदान कारण स्पष्ट सांगितले होते. पैसा कुठे आहे, कोणाकडे आहे, करारपत्राचे दोन भाग कसे केले, सारे त्याने मुलाला सांगितले. काही लपवले नाही. आजच्या पालकांनीही कर्ज किती आहे आणि ते कसे फेडायचे आहे, हे मुलाला शांतपणे सांगावे. धाक म्हणून सांगू नये.

कारण सांगण्याचे एक मोठे उदाहरण आपल्या पुण्याशी जोडलेले आहे. डॉ. आनंदीबाई जोशी. त्या आपल्या धर्माच्या नव्हत्या, पण परदेशी शिकायला जाणाऱ्या प्रत्येक मुलीची ती वाट त्यांनी आधी तुडवली आहे. दहा दिवसांचे मूल गमावल्यावर त्यांनी डॉक्टर व्हायचे ठरवले. जायचे ठरल्यावर चोहीकडून टीका झाली, तेव्हा २४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूर (बंगाल) येथील कॉलेजच्या सभागृहात उभे राहून त्यांनी आपण अमेरिकेला का जातो हे लोकांना जाहीरपणे सांगितले. या देशातील स्त्रियांना स्त्री डॉक्टर हवी, हे त्यांचे कारण होते. आपण हिंदू म्हणून जाऊ आणि हिंदू म्हणूनच परत येऊ, असेही त्यांनी सांगितले. त्या वेळी त्या अठरा वर्षांच्याही नव्हत्या. ७ एप्रिल १८८३ रोजी त्या कलकत्त्याहून बोटीने निघाल्या.

आपल्या मुलांनीही निघण्यापूर्वी घरच्यांसमोर बसून स्वतःच्या शब्दांत सांगावे : मी काय शिकायला जातो आहे, परत येऊन त्याचे काय करणार आहे, आणि मी कोण म्हणून जातो आहे. युरोपात सेमिस्टरच्या आधी लर्निंग ॲग्रीमेंट नावाचा कागद करतात. त्यावर विद्यार्थी, त्याचे कॉलेज आणि तिकडचे विद्यापीठ अशा तिघांच्या सह्या असतात. कोणते विषय घेणार आणि किती श्रेयांक मिळवणार ते त्यात लिहिलेले असते. पूर्ण सेमिस्टरला बहुधा ३० श्रेयांक धरतात. तो कागद आपण काळजीने भरतो. घरच्यांशी असा एक करार तोंडी तरी व्हावा.

दुसरा धडा : बापाची शिदोरी

चौथा अध्याय सावकाश वाचला तर तोबीतच्या उपदेशाचा क्रम लक्षात येतो. पैशाची बातमी तो सर्वांत शेवटी देतो. आधी आई. माझ्यामागे आईला अंतर देऊ नकोस, तिने तुझ्यासाठी किती धोके सोसले ते आठव, असे तो सांगतो. मग देवाचे स्मरण. मग दानधर्म : थोडे असेल तर थोड्यातून दे. मग मजुराची मजुरी दुसऱ्या दिवसावर टाकू नकोस. जे आपल्याला नको वाटते ते दुसऱ्याशी करू नकोस. दारूच्या नशेला वाटेत सोबतीण करू नकोस. शहाण्या माणसाचा सल्ला घे. आणि प्रत्येक वेळी देवाला धन्यवाद देऊन आपली वाट सरळ करून माग.

वसतिगृहात चार देशांची चार मुले एका स्वयंपाकघरात राहतात, तेथे हा उपदेश जसाच्या तसा लागू पडतो. आपली भांडी दुसऱ्याने घासावीत असे वाटत असेल तर ते आपल्यालाही नको असते हे आठवावे. भाड्याचा आपला वाटा वेळेवर द्यावा. शुक्रवारी रात्री सगळे प्यायला निघाले तर आपली मर्यादा आधीच ठरलेली असावी. गर्दीत उभे राहून ती ठरवता येत नाही.

पण तोबीतचा उपदेश वजनदार का झाला? कारण तो त्याने आधी जगून दाखवला होता. तोही परमुलखातच राहिला होता. जी मर्यादा मुलाला सांगितली ती त्याने निनवेत पाळली होती. आम्हां पालकांना येथे थांबून विचार केला पाहिजे. रविवारचा मिस्सा चुकवू नकोस असे विमानतळावर सांगताना गेल्या वर्षभरात आपण स्वतः किती रविवार चुकवले? मुलाच्या बॅगेत जपमाळ ठेवताना घरात शेवटची जपमाळ कधी झाली? मुले आपले सांगणे ऐकतात, पण ती सोबत नेतात आपले वागणे.

तिसरा धडा : वाटेचा सोबती

मुलाला एकटे सोडायला तोबीत तयार नव्हता. वाट माहीत असलेला माणूस शोध, त्याला मजुरी देऊ, असे तो म्हणाला. सोबती सापडल्यावर आंधळ्या म्हाताऱ्याने त्याचे कूळ आणि गाव विचारले, आणि दिवसाला एक द्राख्मा व खर्च असे ठरवले. हा सोबती म्हणजे देवदूत राफाएल. घरातील कोणालाही ते माहीत नव्हते. रडणाऱ्या हन्नाला धीर देताना तोबीत म्हणतो की चांगला देवदूत त्याच्याबरोबर जाईल. तो देवदूत त्या वेळी दाराबाहेर मुलाशेजारी चालू लागलेला होता, आणि मागून घरचा कुत्राही निघाला होता.

देवावर विश्वास आहे म्हणून तोबीतने चौकशी टाळली नाही, आणि चौकशी केली म्हणून त्याचा विश्वास कमी ठरला नाही. आपणही दोन्ही करावे.

आनंदीबाईंनाही अशी सोबत मिळाली. त्यांचे पती गोपाळराव यांचे पत्र एका अमेरिकन मासिकात छापून आले होते. न्यू जर्सीतील रोसेल गावच्या श्रीमती कार्पेंटर यांच्या वाचनात ते योगायोगाने आले. त्यांनी पत्र लिहिले, ओळख वाढली, आणि आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागल्या. न्यूयॉर्क बंदरात उतरल्यावर राहायला मावशीचे घर होते. धर्म वेगळा, देश वेगळा, पण माया खरी.

आपल्या मुलांसाठी चौकशीच्या काही जागा आम्ही येथे देतो. अमेरिकेतील पुष्कळ विद्यापीठांत कॅथोलिक विद्यार्थ्यांसाठी न्यूमन सेंटर असते. आनंदीबाई ज्या फिलाडेल्फियात शिकल्या, त्याच शहरात पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात १८९३ साली पहिला न्यूमन क्लब निघाला. ज्यांच्या नावाने ही केंद्रे चालतात त्या कार्डिनल न्यूमन यांना २०१९ साली संतपद मिळाले. जर्मनीत विद्यापीठांच्या बहुतेक शहरांत कॅथोलिक विद्यार्थ्यांचे मंडळ आणि त्यांचे धर्मगुरू असतात. पहिल्याच आठवड्यात तेथे जाऊन नाव सांगावे. एकदा चार रविवार चुकले की पाचव्याला जाण्याची लाज वाटू लागते.

जर्मनीला जाणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. तेथे पोहोचल्यावर नगर कार्यालयात पत्त्याची नोंद करावी लागते आणि अर्जात धर्म विचारतात. कॅथोलिक लिहिले तर चर्च कर बसेल, म्हणून ‘धर्म नाही’ असे लिही, असा सल्ला आधी गेलेली मुले कधी कधी देतात. हा कर आयकराच्या ८ किंवा ९ टक्के असतो. ज्याला आयकरच लागत नाही त्याला हाही कर लागत नाही, आणि बहुतेक विद्यार्थी त्यातच मोडतात. तेव्हा न लागणाऱ्या पैशाच्या भीतीने स्वतःच्या हाताने आपला बाप्तिस्मा नाकारू नये.

आता दुसरी बाजू. आपल्या लेकराला तिकडे कोणी राफाएल भेटावा अशी प्रार्थना आपण करतो. पण पुण्यातही देशोदेशींची मुले शिकायला येतात. ईशान्य भारतातून, केरळातून, झारखंडातून, आफ्रिकेतून आलेली ही मुले रविवारी मागच्या बाकावर बसतात आणि मिस्सा संपताच निघून जातात. त्यांच्याशी आपण कधी बोललो का? नाना पेठेतील आपले सिटी चर्च आठवावे. पेशव्यांच्या चाकरीत असलेल्या कॅथोलिक शिपायांसाठी, पेशव्यांनीच दिलेल्या जागेवर १७९२ साली त्याची सुरुवात झाली. घरापासून दूर राहणाऱ्या माणसांना उपासनेला जागा हवी होती, त्यातून पुण्यातील आपली मंडळी उभी राहिली. मागच्या बाकावरच्या मुलीला नाव विचारणे आणि एखाद्या रविवारी घरी जेवायला बोलावणे, हे आपले जुने देणे आहे.

चौथा धडा : वाट पाहणे

दहावा अध्याय पालकांसाठी आहे. ठरलेले दिवस उलटून गेले आणि तोबियास आला नाही. तोबीत दिवस मोजत राहिला. हन्ना रोज बाहेर जाऊन मुलगा गेला त्या वाटेकडे पाहत बसे आणि रात्रभर रडे. मुलगा मात्र सुखरूप होता. वाटेत त्याचे लग्न झाले होते आणि सासऱ्याने त्याला चौदा दिवस ठेवून घेतले होते. निरोप पाठवायला साधन नव्हते.

आज साधन आहे. फोनवर चेहराही दिसतो. म्हणूनच नवी अडचण आली आहे : दिवसातून पाच वेळा विचारणारे पालक आणि सगळे छान आहे असे पाच वेळा सांगणारी मुले. खरे कोणीच सांगत नाही. त्यापेक्षा आठवड्यातला एक वेळ ठरवावा. हिवाळ्यात जर्मनी आपल्यापेक्षा साडेचार तासांनी मागे असते. आपल्याकडे रविवारी रात्रीचे आठ वाजतात तेव्हा तिकडे दुपारचे साडेतीन. त्या वेळी दोघांनीही खरे बोलावे. पेपर अवघड गेला, एकटे वाटते, पैसे संपत आले, ताप येतो आहे, हे सांगितल्याबद्दल मुलाला बोलणी बसता कामा नयेत. बोलणी बसली तर पुढच्या वेळी तो सांगणार नाही.

नाताळचा बेत मात्र आधीच करावा. जर्मनीत २५ आणि २६ डिसेंबर दोन्ही दिवस सुट्टी असते, दुकाने बंद असतात आणि वसतिगृह रिकामे होते. आयुष्यातला पहिला एकटा नाताळ मुलांना फार जड जातो. नोव्हेंबरातच तेथील मंडळाच्या धर्मगुरूंना सांगून ठेवावे.

पत्र लिहिण्याची परंपरा तर आपल्या मराठी ख्रिस्ती मंडळीच्या मुळाशी आहे. इंग्लंडचे तरुण येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स १५७९ च्या ऑक्टोबरात गोव्याला पोहोचले आणि १० नोव्हेंबरला त्यांनी लंडनमधील वडिलांना प्रवासाचे सविस्तर पत्र लिहिले. पुढे त्यांनी येथली भाषा इतकी आपलीशी केली की त्यांचे मराठी ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली छापले गेले. त्याआधी आलेले संत फ्रान्सिस झेवियर यांनी सोबत्यांच्या पत्रांतील त्यांच्या सह्या कापून घेतल्या आणि त्या छातीशी बाळगल्या. एवढ्या मोठ्या संतालाही आपल्या माणसांची नावे जवळ लागत होती. मग आपल्या मुलांना घरची आठवण येते यात कमीपणा कसला?

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. प्रत्येक प्रवास तोबियासच्या प्रवासासारखा संपत नाही. संत झेवियर घरी परतले नाहीत, फादर स्टीफन्सही नाहीत. आनंदीबाई ११ मार्च १८८६ रोजी डॉक्टर झाल्या, त्याच वर्षी परतल्या, पण क्षयाने खंगून. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी याच पुण्यात त्यांचे निधन झाले. वय एकवीस. त्यांची रक्षा कार्पेंटर कुटुंबाकडे पाठवली गेली आणि न्यूयॉर्क राज्यातील पोकीप्सी येथे तिला जागा मिळाली. देवाने सोबत राहण्याचे वचन दिले आहे. काहीच वाईट घडणार नाही असे वचन त्याने दिलेले नाही. हे कळूनही लेकराला जाऊ देणे, यालाच पालकांची श्रद्धा म्हणतात. हन्नाच्या प्रश्नाचे पुरते उत्तर निघण्याच्या दिवशी कोणाकडेच नसते.

अकराव्या अध्यायात मुलगा परत येतो, आणि त्याला प्रथम पाहते ती वाटेवर डोळे लावून बसलेली हन्ना. तो चांदी आणतो. वाटेत मिळालेले औषध तो बापाच्या डोळ्यांना लावतो आणि तोबीतला मुलाचा चेहरा दिसतो. आपली मुले परततील तेव्हा थोडी बदललेली असतील. तिकडे असे नसते, असे ती म्हणतील. आपल्याला राग येईल. त्या वेळी थोडे थांबावे. कदाचित आपल्या डोळ्यांना लागणारे औषध त्यांच्या हाती असेल.

निघण्यापूर्वी

१. पापनिवेदन करून मिस्सात ख्रिस्तप्रसाद घ्यावा.
२. बाप्तिस्मा व दृढीकरणाचा दाखला आणि प्रमुख धर्मगुरूंचे ओळखपत्र सोबत घ्यावे.
३. प्रवाशांसाठी ख्रिस्तसभेचा स्वतंत्र आशीर्वाद-विधी आहे. तो रविवारच्या मिस्सानंतर मागून घ्यावा.
४. राहण्याच्या जागेजवळचे चर्च व मिस्साची वेळ शोधून लिहून ठेवावी. शनिवारी संध्याकाळचा मिस्साही रविवारचा धरला जातो.
५. आरोग्य विम्याचा कागद नीट वाचावा व त्याची एक प्रत घरी ठेवावी.
६. युरोपीय संघात बाहेरून मांसाचे व दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. तूप आणि पेढे घरीच ठेवावेत.

कुटुंबात चर्चेसाठी

• आपल्या घरात हन्नाचा प्रश्न कोणी विचारला का? त्याला काय उत्तर मिळाले?
• तोबीतच्या उपदेशातील कोणती गोष्ट आपल्या मुलांनी आपल्याला करताना पाहिली आहे?
• या महिन्यात घरापासून दूर असलेल्या कोणत्या विद्यार्थ्याला आपण जेवायला बोलावू?

प्रार्थना

हे स्वर्गीय पित्या, दूरदेशी निघालेल्या आमच्या लेकरांबरोबर तुझा दूत पाठव. त्यांना चांगले सोबती दे, आणि त्यांनाही कोणाचे तरी चांगले सोबती कर. दाराशी वाट पाहणाऱ्या आयांना धीर दे. न दिसणाऱ्या आम्हां बापांना दृष्टी दे. आमच्या गावात परके म्हणून आलेल्यांना आमच्या घरी जागा मिळू दे. येशू ख्रिस्त आमचा प्रभू याच्या द्वारे. आमेन.